मागचा लोटा

गाडी तपासायला आलेल्या सारांनी बॉनेट वर केलं, खिशातून छोटी बॅटरी काढली, आणि इंजिनाकडे बघण्याआधी बाबांकडे बघितलं.

"गाडी को हाथ कौन लगाता है?"

"मीच, सार. दुसरं कोनी नाई," बाबा म्हणाले.

तेव्हा ते उत्तर अभिमानाचं होतं. थोड्याच वेळात तेच त्यांच्या अंगाशी आलं.

गाडी वकीलसाहेबांची. आदिलाबादच्या कोर्टात त्यांनी उभा जन्म काढला आणि माझ्या बाबांनी त्यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून. रोजचं जाणं-येणं जीपने व्हायचं, मुधोळच्या शेतावर किंवा इंद्रवेल्लीकडे एखाद्या पक्षकाराच्या गावी. ही दुसरी गाडी मात्र शौकाची होती. इंग्रजी बनावटीची, दोन सीटची, उघड्या छताची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघायची, गावाच्या टोकापर्यंत जायची आणि परत शेडमध्ये. बाकीचे दिवस तिच्यावर जुनी सतरंजी आणि शेडला कुलूप. कुलपाची किल्ली बाबांच्या करदोऱ्याला. अंघोळ करतानासुद्धा ती त्यांनी सोडलेली मला आठवत नाही.

वकीलसाहेब गेले. त्यांची एकुलती मुलगी, आम्ही तिला ताईसाहेब म्हणतो, हैदराबादला बँकेत आहे. घर रिकामं करायचं ठरलं, तशी गाडी विकायचंही ठरलं. हैदराबादचे एक जुन्या गाड्यांचे शौकीन घ्यायला तयार होते. त्यांची अट एकच होती. इंजिनाला बसवलेले दोन कार्ब्युरेटर कारखान्यातून आलेले, मूळचे असले पाहिजेत. ते तपासायलाच त्यांनी या सारांना पाठवलं होतं.

ही अट का, ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. मी इंजिनिअरिंगला आहे, मेकॅनिकलला, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. पण कॉलेजात कार्ब्युरेटर एका तासात उरकतात. आता असं काही नसतं, परीक्षेलाही येत नाही, म्हणून पुढे जातात. नंतर कळलं ते असं. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं हे भांडं साध्या गाडीला एक असतं. याच गाडीचा एक जोरदार प्रकार निघाला, त्याला दोन होते. तो थोडाच निघाला, म्हणून त्याला मान. आणि मान आहे म्हटल्यावर साध्या गाडीला दोन बसवून ती जोरदार म्हणून खपवणारेही आले. किंवा जोरदार गाडीचा एक काढून विकणारे आणि त्याजागी नकली बसवणारे. म्हणून जुन्या गाड्यांच्या जगात कोणी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

सारांनी खूप बारकाईने बघितलं, हे मला मान्य केलं पाहिजे. दोन्ही कार्ब्युरेटर ज्या नळकांड्यावर बसतात त्याच्यावरचा ओतीव आकडा त्यांनी चिंधीने पुसून वाचला. दोघांना जोडणारे दांडे हलवले. मग पुढच्याच्या झाकणाखाली स्क्रूत अडकवलेली, कारखान्याचा नंबर कोरलेली नखाएवढी पितळी पट्टी बघितली. मागच्याला तशी पट्टी नव्हती.

"इसकी पट्टी?"

"पयलेपासूनच नाई, सार," बाबा म्हणाले.

सारांनी मान हलवली, पण ती हो म्हणणाऱ्याची मान नव्हती.

प्रत्येक कार्ब्युरेटरच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमची एक घुमटासारखी टोपी असते. उलटी केली की थेट पाणी प्यायच्या लोट्यासारखी दिसते, म्हणून बाबा तिला लोटाच म्हणतात. तिच्या आत एक दट्ट्या वर-खाली होतो. सारांनी बोटाने पुढचा दट्ट्या उचलला आणि सोडला. तो अर्ध्यात अडकला, मग घसटत खाली आला. मागचा उचलून सोडला, तर तो दगड पडावा तसा धप्पकन पडला. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तसंच.

मग त्यांनी दोन्ही लोट्यांच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे कारखान्याच्या खुणा असायला हव्या होत्या. कडा गुळगुळीत होत्या, आरशासारख्या चकाकत होत्या.

"मॅडम," ते ताईसाहेबांना म्हणाले, "ये जोड़ी एक घर की नहीं है. ढक्कन किसी और का है. और निशान किसी ने घिस के निकाले हैं."

"कोणी?" ताईसाहेबांनी विचारलं.

"वो मैं कैसे बोलूँ. जिसके पास चाबी थी उससे पूछिए."

ते नागपूरला दुसरी एक गाडी बघायला चालले होते. परतीच्या वाटेवर पुन्हा येतो, मग काय लिहायचं ते लिहितो, असं सांगून निघून गेले.

ताईसाहेब वाईट बोलणाऱ्या नाहीत. सतरंजी पुन्हा गाडीवर टाकताना त्यांनी बाबांना मदत केली, मग म्हणाल्या, "काका, किल्ली सध्या माझ्याकडे राहू द्या."

बाबांनी करदोऱ्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. इतक्या वर्षांची गाठ. शेवटी ताईसाहेबांनीच आतून कात्री आणून दिली.

घरी आल्यावर माय म्हणाली, "काऊन एवढे गप?"

बाबांनी सांगितलं. माय पोळ्या लाटत होती, लाटणं तसंच हातात राहिलं. "म्हन्जे चोर म्हनून राह्यली काय ते तुमाले?"

"नाई म्हनत."

"मंग?"

"म्हनत नाई, तेच तं."

मी भिंतीला टेकून बसले होते. मला त्या क्षणी बाबांची बाजू घ्यायला हवी होती, पण मला एक गोष्ट आठवत होती. मी कॉलेजात नाव घातलं त्या वर्षी बाबांनी अचानक लॅपटॉप आणला होता. जुना, पण चांगला. नांदेडच्या ओळखीच्या माणसाने दिला म्हणाले. कोण माणूस, ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता त्याच लॅपटॉपवर मी दोन कार्ब्युरेटरच्या जोड्या खऱ्या की खोट्या कशा ओळखायच्या ते शोधत होते, आणि पडद्यावर दिसत होतं की एवढ्याशा भांड्यासाठी परदेशातली माणसं वेडी होतात.

"बाबा, तुमी कधी दुरुस्तीले दिले होते काय ते? बाहेर कोनाले?" मी विचारलं. घरात मी त्यांच्यासारखीच बोलते.

"नाई."

"वकीलसायबांनी?"

"ते तं पाना कोनता अन् पक्कड कोनती हे बी वळखत नोते."

"आठवून पाहा न नीट."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तू बी सारासारखीच पुसून राह्यली."

माय म्हणाली, "पोरगी शिकलेली हाय, पुसनारच." हे ती माझ्या बाजूने बोलली की माझ्यावर, ते मला कळलं नाही. मग ती तिच्या रागात पुढे गेली. "वर्सावर्साले मी त्याईचे लोटे घासून देल्ले, हात सोलून निंगाले चिचेनं, तवा नाई कोनी आलं पाहाले."

आम्ही ते ऐकून सोडून दिलं. माय रागात असली की जुनं काहीतरी काढतेच.

वकीलसाहेबांकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. विळा, काटा, जीपचा पाना, त्यांचा टाक आणि ही गाडी. बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लागायचं, आणि ते चकचकीत दिसावं अशी त्यांची फार इच्छा. आमच्या घरी खंडेनवमी नसते. आम्ही बौद्ध आहोत, दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जातो. पण त्यांच्या गाडीची तयारी बाबांचीच. देवाची भांडी वकीलसाहेबांच्या घरातच घासली जायची, आणि गाडीचे दोन लोटे आमच्या अंगणात. हे लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं, म्हणूनच बहुतेक मी त्याचा कधी विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बसमध्ये मी सगळ्यांवर संशय घेऊन बघितला. आधी सारांवर. ते घेणाऱ्याच्या बाजूने आलेले. जोडी खोटी ठरली की गाडी पडत्या भावात जाणार, मग खोटी ठरवण्यात त्यांचा फायदा. मग ताईसाहेबांवर. त्यांना बाबांना कामावरून कमी करायचंच होतं, घर विकलं की ड्रायव्हर कशाला. कारण हवं होतं, ते मिळालं. मग वकीलसाहेबांवर, जे आता सांगायला नाहीत. फिरून फिरून मी बाबांवर येत होते. कुलूप एक, किल्ली एक, हात लावणारा एक. सारांनी काही चुकीचं विचारलं नव्हतं.

पण एक गोष्ट टोचत होती. पुढचा दट्ट्या अडकत होता आणि मागचा सैल पडत होता. दोन्ही बिघडलेले होते, आणि उलट्या बाजूंनी. मी वाचलं होतं की कारखान्यात प्रत्येक लोटा त्याच्या दट्ट्याशी जुळवून दिलेला असतो, जाड-बारीकपणाचा फरक केसाएवढा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. मग चोराने एक लोटा बदलला असेल तर एकच बिघडायला हवा. दोन्ही कसे? आणि दोन्ही बदलले असतील, तर एक जेवढा घट्ट, दुसरा तेवढाच सैल, हे कसं?

मला हे कोणाला तरी विचारायचं होतं. कॉलेजातल्या आमच्या सरांना विचारायला गेले आणि दारातून परत आले. काय सांगणार होते, माझ्या बाबांवर आळ आहे म्हणून?

त्यापेक्षा ताईसाहेबांना विचारणं सोपं गेलं. "मी एकदा उघडून बघू का? तुमच्यासमोर."

"तुला येतं?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकातलं येतं. हाताने कधी केलेलं नाही."

"आणि काका?"

"ते हात लावणार नाहीत."

हे मीच ठरवून टाकलं होतं. बाबांना न विचारता.

दुपारी आम्ही शेडमध्ये गेलो. कापसाच्या गाड्यांमुळे रस्त्यावर धूळ होती, ती दारातल्या उन्हात तरंगत होती. बाबा सवयीने बॉनेटच्या कडीकडे गेले. मी म्हटलं, "बाबा, तुमी बाहेर बसा." ते दाराजवळ उलट्या बादलीवर जाऊन बसले. तिथून त्यांना आमच्या पाठी दिसत असतील, बस.

ताईसाहेबांनी बॅटरी धरली. मी आधी मागच्या लोट्याचे स्क्रू काढले. एक स्क्रू खाली पडला आणि घरंगळत चाकाखाली गेला. ताईसाहेबांनी वाकून तो काढून दिला, साडीला काळं लागलं तरी काही म्हणाल्या नाहीत. लोटा वर उचलला. खाली दट्ट्या तसाच, तेलकट, मळकट, त्याच्या टोकाला सुई. त्याला बाहेरचा हात लागलेला नव्हता. आणि माझ्या हातातला लोटा बाहेरून लख्ख, कडेने लख्ख.

तो लोटा मी ताईसाहेबांच्या हातात उलटा ठेवला. मग पुढचा काढला आणि तोही त्यांच्या दुसऱ्या हातात उलटा ठेवला. दोन लोटे शेजारी शेजारी, तोंड वर. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला आमचं अंगण दिसलं. चिंचेचा कोळ, विटेची भुकटी, आमची पितळेची घागर, आमचा तांब्या, आणि मध्ये गाडीचे हे दोन लोटे, धुऊन पालथे घातलेले. माय जमिनीवर बसून घासायची, इतकं की त्यात तिचं तोंड दिसायचं. कारखान्याच्या खुणा कोणी काढल्या ते मला तिथेच कळलं. आणि मग दुसरी गोष्ट कळली. बाबा दट्ट्या आणि सुई कधीच घरी आणत नसत, नाजूक असतात म्हणून गाडीतच फडक्यात गुंडाळून ठेवत. घरी यायचे ते फक्त लोटे. वाळले की माय पिशवीत घालून द्यायची.

"काय झालं?" ताईसाहेबांनी विचारलं.

"थांबा," मी म्हटलं.

मी पुढच्या दट्ट्यावर मागचा लोटा बसवला. मागच्यावर पुढचा. स्क्रू आवळले. पुढचा दट्ट्या बोटाने वर नेला आणि सोडला. तो सावकाश, एका लयीत खाली आला आणि तळाला टेकताना टक् असा छोटा आवाज झाला. मागचा सोडला. तसाच सावकाश, तसाच टक्.

ताईसाहेब म्हणाल्या, "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. मग त्यांनी स्वतः करून बघितलं, एकदा पुढचा, एकदा मागचा.

"म्हणजे ढक्कन कुणा दुसऱ्याचं नव्हतं."

"दुसऱ्याचंच होतं," मी म्हटलं, "पण तो दुसरा इथेच शेजारी होता."

हे बोलल्यावर मला वाटलं होतं की मोकळं वाटेल. तसं वाटलं नाही. मी वळून बघितलं तर बाबा बादलीवर नव्हते, दारात उभे होते. टक् त्यांनीही ऐकलं होतं. ते आवाज ओळखतात.

"म्हनून ते चढाले दम खात होती," ते म्हणाले. "मले वाटे म्हातारी झाली."

संध्याकाळी मायला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. "दोन्ही सारखेच तं हायेत. त्याईले काय नावं होती?" मग जरा वेळाने म्हणाली, "तुह्या बानं तरी सांगा लागत होतं, हा पुढचा हा मागचा म्हनून."

"मले तरी कुठं ठाव," बाबा म्हणाले. "पिशवीतून जो हाती लागे तो लावो."

"मंग मले काऊन दोष?"

"कोन देऊन राह्यलं?"

"हे पाहून राह्यली न माह्याकडं, शिकलेली."

मी हसले, आणि मग मायही.

सार परत आले. त्यांनी ऐकून घेतलं, पण ऐकून मानणारे ते नव्हते. त्यांनी दोन्ही लोटे पुन्हा काढले, अदलाबदल करून बघितली, पुन्हा जागच्या जागी बसवून बघितली. नळकांड्याच्या पोटाखाली, जिथे कोणाचाच घासणारा हात पोचत नाही, तिथे बॅटरी धरून बराच वेळ वाचत राहिले. चिंचेचं सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "इमली? हमारे यहाँ लोग बर्तन को लगाते हैं."

"आमच्याकडेही," ताईसाहेब म्हणाल्या.

त्यांनी लिहून दिलं की जोडी मूळची आहे, खुणा घासून गेलेल्या आहेत, आणि मागच्याची पट्टी नाही. पट्टीबद्दल त्यांनी बाबांकडे पुन्हा एकदा बघितलं. जुन्या गाड्यांच्या पट्ट्या हरवतातच, असं म्हणाले, पण बघायचं ते बघितलंच. ती पट्टी अजून सापडलेली नाही. मी शेडमध्ये शोधली, आमच्या अंगणातही शोधली, बाबा घरी नसताना. लॅपटॉपचंही मी अजून विचारलेलं नाही.

सार गेल्यावर ताईसाहेबांनी किल्ली काढली. कापलेल्या करदोऱ्याचा तुकडा अजून तिच्यात अडकलेला होता. "काका, गाडी जाईपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या."

बाबांनी किल्ली घेतली, धाग्याचा तुकडा ओढून काढून टाकला.

आम्ही चालत घरी निघालो. कापसाच्या जिनिंग मिलसमोर ट्रॅक्टरांची रांग होती, कापूस वाऱ्याने रस्त्याच्या कडेला अडकला होता.

"पयले कोनता खोलला तू?" बाबांनी विचारलं.

"मागचा."

"काऊन? पुढचा जवळ पडते."

स्क्रू सैल होता, असं सांगता आलं असतं. बाबांना स्क्रूबद्दल खोटं सांगून चाललं नसतं.

"मागचा दिसत नाई सहसा," मी म्हटलं. "कोनी बदलला असता तं मागचाच बदलला असता."

ते चालत राहिले. एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजात काही बोलणं शक्य नव्हतं. तो गेल्यावर ते म्हणाले, "बरोबर हाय. मी बी मागचाच बदलला असता."

ते माझ्या जरा पुढे होते, तोंड दिसत नव्हतं, म्हणून हसले की नाही ते मला कळलं नाही. चालताना त्यांच्या शर्टाच्या खिशात किल्ली सुट्या पैशांवर वाजत होती. करदोऱ्याला असायची तेव्हा ती कधी वाजत नसे.